फिरत्या यानात उडी मारली तर माणूस कुठे पडेल? (आणि विज्ञानकथांमधल्या इतर थापा)

मधलीसुट्टी

एक विज्ञानकथा लिहायला घेतली आहे. सहा माणसं, एक यान, आठ वर्षांचा प्रवास. आठ वर्षं नुसती तरंगत ठेवली तर बिचाऱ्यांची हाडं ठिसूळ व्हायची, म्हणून यानाला एक मोठं चाक दिलं, ते गरगर फिरवलं आणि सगळ्यांना त्याच्या आतल्या कडेवर पाय टेकून उभं केलं. चाकाची त्रिज्या 10 मीटर. का 10? काही नाही, आकडा बरा वाटला.

पहिलं प्रकरण भाचीला वाचायला दिलं. नववीत आहे. तिने बाकी कशावर काही म्हटलं नाही, फक्त तारा नावाचं माझं पात्र चाकात उडी मारून त्याच जागी उतरतं तिथे समासात पेन्सिलीने लिहिलं, "तारा हवेत असताना चाक फिरतंच आहे ना? मग ती त्याच जागी कशी पडली?"

चालत्या आगगाडीत उडी मारली तरी आपण त्याच जागी पडतो, असं मी ठोकून दिलं. त्यावर ती म्हणाली, "आगगाडी सरळ जाते, मामा." तेव्हापासून मी गप्प आहे.

तर जाणकारांनो, तारा कुठे पडेल? आणि एकूणातच, विज्ञानकथांमधल्या कुठल्या कल्पनांना खरा आधार असतो आणि कुठल्या निव्वळ थापा असतात? धागा त्यासाठीच आहे, बिनधास्त लिहा.

गोगलगाय

पहिला नंबर! सावकाश वाचते.

त्रिकोणमिती

उडीचं नंतर बघू, आधी तुमच्या चाकाचं. 10 मीटर त्रिज्येत पृथ्वीइतकं वजन हवं असेल तर चाक मिनिटाला साधारण साडेनऊ वेळा फिरलं पाहिजे. म्हणजे दर सव्वासहा सेकंदांना एक फेरी. त्यात मान वळवली की कानातलं द्रव एक सांगणार, डोळे दुसरंच. तुमची सहाही माणसं पहिल्या प्रकरणात ओकाऱ्या काढत बसतील.

शिवाय वजन केंद्रापासूनच्या अंतरावर ठरतं. पावणेदोन मीटर उंचीच्या माणसाच्या पायाशी पूर्ण गुरुत्व असेल तर डोक्याशी 82 टक्केच. वाकून बूट बांधला की डोकं जड.

मिनिटाला दोनच फेऱ्या ठेवायच्या तर त्रिज्या 224 मीटर लागते. एक फेरी म्हणाल तर जवळजवळ 900 मीटर. आकडा बरा वाटून चालत नाही हो.

मधलीसुट्टी

224??? माझं अख्खं यानच 60 मीटरचं आहे.

रातकिडा

एवढं मोठं चाक लागत नाही. दोन लहान डबे लांब दोरीने बांधायचे आणि एकमेकांभोवती फिरवायचे, झालं. 1966 साली जेमिनी 11 च्या अंतराळवीरांनी आपलं यान आणि अजेना रॉकेट 30 मीटरच्या पट्ट्याने बांधून खरंच फिरवलं होतं. गुरुत्व इतकं कमी निर्माण झालं की त्यांना स्वतःला काही जाणवलं नाही, पण सुटी ठेवलेली वस्तू हळूहळू एका बाजूला सरकली. कल्पना मात्र सिद्ध झाली.

उंटावरचा_शहाणा

या धाग्यावर मी एकटाच पडणार हे माहीत आहे, तरी लिहितो. कथा वाचताना त्रिज्या कोण मोजतं? माणसं खरी वाटली पाहिजेत, बस. अवकाशातल्या लढाईत स्फोटाचा आवाज येत नाही हे मलाही कळतं, पण सिनेमाला गेलो की मला तो आवाज हवा असतो. मुक्या लढाया तुम्हीच बघा.

रातकिडा

@उंटावरचा_शहाणा, आवाज अगदीच नसतो असं नाही. तुमच्या यानावर दुसऱ्या यानाचा तुकडा आदळला तर तो दणका धातूच्या सांगाड्यातून येईल आणि तुम्हाला आत बसून ऐकू येईल. येत नाही तो शेजारच्या यानाचा स्फोट. चांगला दिग्दर्शक याचाच उपयोग करतो. बाहेर चिडीचूप, आत अचानक धाडकन. शांततेनेही दचकवता येतं.

वाळवीचं_घर

पण निर्वात पोकळीत माणूस फुग्यासारखा फुटतो हे तरी खरं ना?

रातकिडा

नाही. कातडी चांगली चिवट असते. सूज येते, फुटत नाही.

याला पुरावाही आहे. 1966 मध्येच नासाच्या निर्वात कक्षात जिम लब्लांक नावाचे तंत्रज्ञ अवकाशपोशाखाची चाचणी घेत होते आणि हवेची नळी निसटली. चौदाएक सेकंदांत शुद्ध हरपली. शुद्धीवर आल्यावर त्यांनी सांगितलं की शेवटचं आठवतं ते जिभेवरच्या लाळेला बुडबुडे येताना जाणवणं. दाब गेला की शरीराच्या तापमानालाच पाणी उकळतं, आणि लाळ उघडीच असते. कक्षात भराभर हवा भरली आणि ते वाचले.

दहा-पंधरा सेकंद शुद्ध, दीडेक मिनिटाच्या आत हवा मिळाली तर जगण्याची आशा. लेखकांनी या दहा सेकंदांवर लिहावं की! फुटणाऱ्या माणसापेक्षा ते जास्त भयानक आहे.

चष्मेबद्दूर

आणि क्षणात गोठून बर्फाचा पुतळा होणं?

त्रिकोणमिती

थापच. थर्मासच्या दोन भिंतींमध्ये निर्वात कशासाठी ठेवतात? उष्णता जाऊ नये म्हणून. अवकाशात तुमच्या अंगाला लागून थंड असं काही नसतंच, उष्णता फक्त प्रारणाने निघून जाते. ओल्या जागा बाष्पीभवनाने गार पडतात तेवढंच. पूर्ण गोठायला तासन् तास लागतील. खऱ्या यानांना उलट उष्णता बाहेर कशी टाकायची याची चिंता असते, म्हणून अवकाशस्थानकाला ते मोठाले रेडिएटर लावलेत.

चष्मेबद्दूर

म्हणजे माझं अर्धं बालपण खोटं.

पुसटरेघ

माझी आवडती थाप म्हणजे अदृश्य माणूस. दिसायचं म्हणजे प्रकाश डोळ्याच्या पडद्यावर अडला पाहिजे, शोषला गेला पाहिजे. अदृश्य माणसाच्या पडद्यातून तो आरपार जाणार. म्हणजे तो ठार आंधळा. आणि पडदा तेवढा अदृश्य केला नाही तर हवेत दोन गुलाबी वाट्या तरंगताना दिसतील.

उंटावरचा_शहाणा

दोन वाट्या गल्लीतून चालल्या आहेत हे दृश्य मला कुठल्याही अदृश्य माणसापेक्षा आवडलं. यावर कथा लिहा, मी वाचतो.

पुसटरेघ

:ड पण अदृश्यतेचं खरं संशोधनही आहे. 2006 मध्ये ड्यूक विद्यापीठात एक कवच तयार केलं होतं. त्यात सूक्ष्मलहरी ठेवलेल्या वस्तूला वळसा घालून पुढे जायच्या, ओढ्यातलं पाणी दगडाला वळसा घालतं तशा. फक्त एका ठरावीक लहरलांबीला आणि तेही सपाट, दोन मितींत. डोळ्यांना ते कवच छान दिसतच होतं. दिसणाऱ्या प्रकाशाच्या सगळ्या रंगांसाठी एकाच वेळी हे करणं फार अवघड आहे. आणि आत बसलेला माणूस? त्याच्यापर्यंत प्रकाशच पोचत नाही, म्हणजे पुन्हा आंधळाच.

वाळवीचं_घर

टेलिपोर्टेशन, म्हणजे इथून गायब होऊन तिथे उगवणं, मात्र झालं आहे. 1997 ला प्रयोग झाला, 2017 ला चीनच्या मिशियस उपग्रहाने 1400 किलोमीटरपर्यंत करून दाखवलं. आता तरी मान्य करा.

त्रिकोणमिती

मान्य आहे, पण काय गेलं ते बघा. फोटॉन म्हणजे प्रकाशाचा कण नाही गेला, त्याची क्वांटम अवस्था, म्हणजे त्याच्या गुणधर्मांची सगळी माहिती, गेली. पलीकडे दुसरा फोटॉन आधीपासून हजर लागतो, त्याने ती अवस्था धारण करायची. आणि इकडून एक साधा निरोप पाठवावा लागतो, रेडिओने किंवा प्रकाशाने, त्याशिवाय पलीकडच्याला त्यातून काही काढता येत नाही. म्हणून प्रकाशापेक्षा वेगाने काही जात नाही.

माणसात अणू किती? 7 वर 27 शून्यं. त्या सगळ्यांची अवस्था वाचायची, आणि वाचताना मूळची मोडते. ही मोड टाळता येत नाही, कारण अज्ञात क्वांटम अवस्थेची हुबेहूब प्रत काढताच येत नाही. 1982 पासून हा सिद्ध झालेला नियम आहे.

गाळीव_वाळू

म्हणजे पलीकडे जो उतरेल तो मी नव्हेच?

त्रिकोणमिती

ते भौतिकशास्त्राला विचारू नका.

उंटावरचा_शहाणा

बघा! जिथे गोष्ट सुरू होते तिथे तुमचं शास्त्र हात वर करतं. मी काय म्हणत होतो?

हिमकण

बरेच दिवस वाचनमात्र होते, पण आता माझ्या रोजच्या कामाचा विषय येईल असं दिसतंय. मधलीसुट्टी, तुमची माणसं आठ वर्षं जागी ठेवलीत ते बरं केलंत. कारण "गोठवून ठेवलं आणि शंभर वर्षांनी उठवलं" हे वाक्य लेखक जितक्या सहज लिहितात तितक्या सहज मला एक भ्रूणही ठेवता येत नाही.

मी टेस्ट ट्यूब बेबीच्या प्रयोगशाळेत काम करते. भ्रूण म्हणजे मिलिमीटरचा आठवा-दहावा भाग. शत्रू थंडी नाही, बर्फाचा स्फटिक आहे. तो वाढताना पेशी फाडतो. म्हणून आधी भ्रूण एका द्रावणात ठेवायचा, पेशीतलं पाणी बाहेर काढायचं आणि त्या जागी गोठणरोधक आत सोडायचं. सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं, आधी तो सुरकुतून आक्रसतो, मग पुन्हा थोडा भरतो. शेवटच्या द्रावणात एक मिनिटही मिळत नाही, ते द्रावण विषारी असतं. तेवढ्यात भ्रूण उचलायचा, प्लॅस्टिकच्या केसाएवढ्या पातळ पट्टीवर ठेवायचा, भोवती थेंब उरला न उरला असा, आणि थेट द्रव नायट्रोजनमध्ये, उणे 196 अंश. एवढ्या झपाट्याने थंड केलं की पाण्याला स्फटिक व्हायला सवडच मिळत नाही, त्याची काच होते. मी हे करताना श्वास रोखून धरते, आणि अजूनही माझ्या नकळत.

आता हेच माणसाच्या यकृताला करून बघा. बाहेरचा थर गोठेपर्यंत आत कोमटच. आणि काचेला असमान तापवलं की ती तडकते. परत तापवणं तर थंड करण्याहून कठीण, कारण हळू तापवलं तर वाटेत स्फटिक होतातच.

तरी आशा आहे. 2023 मध्ये मिनेसोटा विद्यापीठात उंदराचं मूत्रपिंड असं काच करून 100 दिवसांपर्यंत ठेवलं आणि परत बसवलं, ते चाललं. त्यांनी रक्तवाहिन्यांत लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण सोडले होते. बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावलं की ते कण आतून सगळीकडे सारखेच तापतात. पण तो उंदीर, आणि ते मूत्रपिंड. मेंदूपर्यंतचा पल्ला फार लांबचा आहे.

गोगलगाय

हिमकण, दंडवत घ्या _/\_. श्वास रोखून वाचलं.

चष्मेबद्दूर

मग ते गोठणारे बेडूक?

हिमकण

हो, वुड फ्रॉग. अंगातलं दोन तृतीयांश पाणी गोठतं, हृदय थांबतं, आणि वसंतात तो टुणकन उडी मारतो. तो बर्फ पेशींच्या बाहेर होऊ देतो आणि यकृतातून भरमसाठ साखर सोडून पेशींचं आतून रक्षण करतो. पण त्याचं तापमान शून्याखाली थोडंच जातं, उणे 196 वगैरे नाही. माणसाच्या रक्तात तेवढी साखर गेली तर बर्फाची गरजच पडणार नाही.

गाळीव_वाळू

वेळ हळू होणं तरी खरं की तीही थाप?

रातकिडा

ते रोज तुमच्या खिशात चालू असतं. जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळं आपल्या घड्याळांपेक्षा दिवसाला 38 मायक्रोसेकंद पुढे जातात. वेगामुळे 7 मागे, कमी गुरुत्वामुळे 45 पुढे. तेवढ्या वेळात प्रकाश 11 किलोमीटर जातो. दुरुस्ती केली नाही तर नकाशा तुम्हाला दुसऱ्याच गावात नेईल. आणि रशियन अंतराळवीर सर्गेई क्रिकालेव अवकाशात एकूण 803 दिवस राहिले, ते आपल्यापेक्षा 0.02 सेकंदाने कमी म्हातारे झाले.

उंटावरचा_शहाणा

0.02 सेकंदासाठी 803 दिवस डबाबंद! त्यापेक्षा केस रंगवावेत.

पुसटरेघ

उंटावरचा यांच्या बाजूने एक मुद्दा. 'इंटरस्टेलर' सिनेमातलं कृष्णविवर भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांच्या समीकरणांवरून काढलं, त्यावर नंतर शोधनिबंधही आला. पण कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या तप्त वायूच्या तबकडीची जी बाजू आपल्याकडे येते ती झगझगीत आणि दुसरी मंद दिसायला हवी. सिनेमात दोन्ही बाजू जवळपास सारख्या आहेत. हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. प्रेक्षक गोंधळतील म्हणून मुद्दाम काढून टाकलं.

आणि 1979 मध्ये फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ज्यां-पिएर ल्युमिने यांनी हेच चित्र काढलं होतं. संगणकाने फक्त आकडे दिले. मग त्यांनी हाताने, शाईने, कागदावर हजारो ठिपके दिले आणि त्याची निगेटिव्ह केली. त्यात एक बाजू उजळ आहे. 2019 ला एम87 दीर्घिकेतल्या कृष्णविवराचं पहिलं छायाचित्र आलं तेव्हा त्यातही वलय एका बाजूला उजळ निघालं.

त्रिकोणमिती

म्हणजे ठिपके देणारा माणूस सिनेमापेक्षा बरोबर. हे मी उंटावरचा यांच्या बाजूने मोजणार नाही.

गाळीव_वाळू

अवांतर: कृष्णविवरावरून आठवलं. जयंत नारळीकरांनी पहिली विज्ञानकथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठवली होती. आपली आद्याक्षरं उलटी करून. नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून. आणि बक्षीस मिळवलं.

वाळवीचं_घर

थोडक्यात, मराठीतला पहिला सन्माननीय ड्यु-आयडी (खोट्या नावाचं दुसरं खातं).

चष्मेबद्दूर

=)) =)) धागा वसूल.

रातकिडा

लघुग्रहांच्या पट्ट्यातून यान डावी-उजवीकडे झोकांड्या खात जातं, ती थाप राहिलीच. दोन मोठ्या दगडांत सरासरी लाखो किलोमीटर अंतर असतं. नासाचं पायोनियर 10 यान तिथून सरळ निघून गेलं. चालकाला झोप लागेल असा रस्ता.

उंटावरचा_शहाणा

बरं, आता तुम्ही सगळे माझ्यावर तुटून पडलाच आहात तर उलटं उदाहरण देतो. 1945 मध्ये विज्ञानकथालेखक आर्थर क्लार्क यांनी एका तांत्रिक मासिकात लिहिलं की विषुववृत्तावर 36 हजार किलोमीटर उंचीवर उपग्रह ठेवला तर तो एकाच जागी टांगल्यासारखा दिसेल आणि तीन उपग्रहांत जगभर संदेश पाठवता येतील. पहिला उपग्रह उडायला तेव्हा बारा वर्षं बाकी होती. तेव्हा हे वाचून कुणीतरी नक्की म्हणालं असेल, "थाप!"

त्रिकोणमिती

पण क्लार्कने आकडे मांडले होते हो! तोच तर फरक आहे. केप्लरच्या नियमात घालून बघा, 36 हजारच येतात. थाप मारणाऱ्याला गणित तपासायला देता येत नाही.

उंटावरचा_शहाणा

...हा मुद्दा मला आवडला नाही कारण तो बरोबर आहे.

मधलीसुट्टी

मंडळी, धागा भलताच रंगलाय, पण तारा अजून हवेतच आहे. तिला कुणीतरी खाली उतरवा.

त्रिकोणमिती

विसरलोच होतो. बसून गणित केलं.

तुमच्या चाकाच्या जमिनीचा वेग सेकंदाला 9.9 मीटर. तारा उभी असताना तिचाही तेवढाच. तिने उडी मारली की तिला ओढणारं काही उरत नाही, ती सरळ रेषेत जाते. जमीन मात्र वळणाने जाते. म्हणजे तारा जीवेवरून आणि जमीन कंसावरून. जीवा कंसापेक्षा आखूड, आणि वर उडीचा थोडा वेग जास्तीचा मिळालेला. म्हणून ती आधी पोचते. 30 सेंटिमीटर उडी मारली तर साधारण 18 सेंटिमीटर पुढे पडेल, चाक फिरतं त्या दिशेने.

आता तिच्या हातातला चेंडू सुटू द्या. जमिनीपासून दीड मीटरवरून. तो 65 सेंटिमीटर मागे पडेल!

वाळवीचं_घर

एक पुढे आणि एक मागे? एकतर पुढे तरी किंवा मागे तरी. कुठेतरी चूक आहे.

त्रिकोणमिती

चूक नाही. चेंडू हातात होता तेव्हा तो केंद्रापासून साडेआठ मीटरवर होता, म्हणून त्याचा वेग 8.4 मीटरच. जमीन 9.9 ने पळते. तो सरळ जाऊन जमिनीला भिडेपर्यंत जमीन पुढे गेलेली असते. तारा जमिनीवरून निघाली म्हणून तिच्याकडे जमिनीचा पूर्ण वेग होता. सुरुवात कुठून झाली यावर सगळं आहे.

विश्वास नसेल तर भाचीला हे करायला सांगा. पुठ्ठ्याची तबकडी कापून टाचणीवर बसवायची. एकाने ती सावकाश फिरवायची, दुसऱ्याने वर पट्टी घट्ट धरून तिच्या कडेने पेन्सिलीने सरळ रेघ ओढायची. हात सरळच जातो, पण तबकडी थांबवून बघितलं की वाकडी रेघ. तबकडीवर राहणाऱ्याला चेंडू असाच वळताना दिसणार.

224 मीटरचं चाक केलंत तरी तो चेंडू 12 सेंटिमीटर मागे पडतोच. पूर्ण सुटका नाही.

पुसटरेघ

थांबा, मग अजून गंमत आहे. जमीन 9.9 मीटरने पळते ना? तर उलट्या दिशेने तितक्याच वेगाने धावलं तर माणूस मुळी फिरतच नाही. वजन शून्य! 100 मीटर 10.1 सेकंदांत पळणारा धावपटू तरंगायला लागेल.

त्रिकोणमिती

तत्त्वतः हो. पण वेग वाढेल तसं वजन कमी, वजन कमी तशी पायांची पकड कमी, म्हणून वेगातले शेवटचे सेकंदाला दोन मीटर गाठणं कठीण. आणि चाकातली हवा चाकाबरोबर फिरते, म्हणजे त्याला ताशी 36 किलोमीटरचा वारा समोरून झोंबणार. तो हळूहळू परत चाकाबरोबर ओढला जाईल आणि धपकन जमिनीवर. नुसतं चालूनही फरक कळेल. 70 किलोचा माणूस एका दिशेला चालताना 50 किलोचा आणि दुसऱ्या दिशेला 93 चा.

उंटावरचा_शहाणा

सहा माणसं, एक चाक आणि सगळे कायम एकाच दिशेला फेरफटका मारतात, कारण उलट दिशेला गुडघे दुखतात. आठ वर्षं कुणी कुणाला समोरासमोर भेटत नाही, फक्त पाठी दिसतात. मधलीसुट्टी, ही तुमची कथा आहे. मी सगळं मागे घेतो, त्रिज्या मोजा.

मधलीसुट्टी

पहिलं प्रकरण फाडलं. त्रिज्या 10 च ठेवतोय, पण चाक आता मिनिटाला चारच वेळा फिरतं. म्हणजे वजन जेमतेम 18 टक्के, चंद्रापेक्षा किंचित जास्त. ओकाऱ्या टळतील, हाडांचा प्रश्न राहील, आणि तोच आता कथेचा प्रश्न आहे. तारा चेंडू सोडते, तो भलतीकडे पडतो, आणि जहाजावर नवा आलेला माणूस यावरून ओळखू येतो, कारण तो अजून सरळ खाली बघतो.

भाचीने तबकडीचा प्रयोग केला, रेघ वाकडी आली, खूश झाली. नवं प्रकरणही वाचलं. समासात पेन्सिलीने: "आता ठीक. पण चाक फिरायला लागलं तेव्हा उरलेलं यान उलट्या दिशेने फिरलं नाही का?"

त्रिकोणमिती

फिरणार! कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा जोर, कुठे जाईल? दुसरं चाक लावा, उलट फिरणारं.

मधलीसुट्टी

60 मीटरच्या यानात??

गोगलगाय

आले. सगळं वाचून झालं. त्या मुलीला आधी एक आयडी काढून द्या.